वर्धेवाले सर

प्रफुल्ल नगराळेला वर्धेत सारे सर म्हणत. दूधवाला सर म्हणे, घरमालकीण सर म्हणे, आर्वी नाक्यावरचा चहावालासुद्धा "सर, आज उशीर?" असं विचारी. नुसतं प्रफुल्ल म्हणणारं माणूस एकच उरलं होतं, पुण्याची बहीण रोशनी. तिचा फोन यायचा राखीला आणि चौदा एप्रिलला. मधल्या काळात हा गडी स्वतःचं नाव विसरला असता, तरी कोणाचं काही अडलं नसतं.

खोली एकच, पण नीटनेटकी. ताटं मात्र दोन. दुसरं कशाला, असं विचारू नका. दुकानात जोडी मिळते म्हणून आलं. संध्याकाळी कॉलेजातून आला की हा आधी टीव्ही लावायचा आणि मग दिवा. पाहायचा काहीच नाही. बातम्या लागल्यात की मालिका, याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. घरात कोणीतरी बोलतंय, एवढंच पाहिजे होतं.

मूळचा तो पुलगावचा. बाप दारूगोळ्याच्या डेपोत मजूर. त्यानं पाठीवर पेट्या वाहून पोराला शिकवलं, आणि पोरगाही शिकला. अमरावतीच्या सरकारी कॉलेजातून मेकॅनिकलचा इंजिनीअर होऊन बाहेर पडला आणि 'सरकारी जागा निघेपर्यंत' म्हणून वर्धेबाहेर हायवेवरच्या एका प्रायव्हेट कॉलेजात शिकवायला लागला. मग बाप गेला, मागोमाग आई गेली, डोक्यावरचे केस गेले. जागा काही निघाली नाही.

लग्नाचं म्हणाल तर तेही एका प्रश्नावर अडून राहिलं. पोरीचा बाप आधी चहा पाजायचा आणि मग विचारायचा, "नोकरी सरकारी का प्रायव्हेट?" ह्यानं प्रायव्हेट म्हटलं की झालं. "कळवतो" म्हणायचे, आणि कोणी कळवत नसे. आई होती तोवर ती ओळखीपाळखीत शब्द टाकायची. ती गेली आणि शब्द टाकणारंच कोणी राहिलं नाही. चाळिशी उलटली तशी नकारही यायचे बंद झाले. त्या नकारांची सुद्धा कधी कधी त्याला आठवण यायची. निदान त्या निमित्तानं कोणाच्या तरी घरात जाऊन बसणं व्हायचं.

आता कॉलेजचं ऐका. प्रायव्हेट कॉलेजातला मास्तर फक्त शिकवतो असं ज्याला वाटतं, त्यानं उन्हाळ्यात एकदा पाहून यावं. बारावीचा निकाल लागला की सारे प्राध्यापक मोटारसायकली काढतात आणि खेडोपाडी पोरं गोळा करत फिरतात. डॉक्टरेट झालेला माणूस लोकांच्या ओट्यावर बसून सांगत असतो, की आमच्याकडं बस आहे, लॅपटॉप आहे, होस्टेलात थंड पाणी आहे. शिक्षणाचं कोणी विचारलं तर सांगतो, तेही आहे.

संस्थाचालक प्रभाकरराव मोठे हुशार. त्यांनी मास्तरांना तालुके वाटून दिले होते, आणि वाटताना नगराळे सरांना जवळ घेऊन म्हणाले होते, "तुम्ही तुमच्या वस्त्या धरा. आमच्या माणसाला अर्धा तास ओळख सांगावी लागते. तुम्ही नुसता जय भीम घातला की दार उघडतं. शिवाय तिथं फीची कटकट नाही, शासन भरते." ऐकून प्रफुल्लच्या अंगावर पाल पडल्यासारखं झालं होतं. पण तोंड दाबून बुक्क्यांचा मार, बोलतो कोण? दर उन्हाळ्यात तो आर्वी, कारंजा, आष्टीकडच्या वस्त्या फिरायचा. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून हायवेवरच्या कॉलेजची तारीफ करायचा, आणि तारीफ करताना वर पाहायचं टाळायचा.

यंदा मात्र कठीण झालं. पोट्टे हुशार झाले, सारं मोबाइलात पाहतात, कोणी दाद देईना. जूनमध्ये प्रभाकररावांनी केबिनमध्ये बोलावलं आणि हसत हसतच सांगितलं, "सर, कोणत्याही शाखेचं का असेना, एक तरी ॲडमिशन तुमच्या नावावर पाहिजे. नाही तर ऑगस्टपासून आपला जय भीम." प्रफुल्ल बाहेर आला. नोकरी गेली तर उपाशी मरण्याची भीती त्याला नव्हती, एकट्या माणसाला लागतं किती? पण सकाळी उठून जायचं कुठं, हे त्याला सुचेना. 'सर' म्हणणारे कॉलेजामुळं सर म्हणत होते. तेही गेलं तर मग उरतं काय?

यादीतल्या साऱ्यांनी नाही म्हटलं होतं. राहिली होती आष्टीची काजल थूल. मार्क चांगले, घर स्कॉलरशिपचं. कॉलेजातून आणि ह्याच्या स्वतःच्या मोबाइलवरून तिला किती फोन झाले, पोरगी उचलत नव्हती. मग एका रविवारी प्रफुल्लनं इस्त्रीचा शर्ट घातला, बॅगेत कॉलेजची रंगीत माहितीपत्रकं घेतली आणि गाडीला किक मारली.

आष्टीत विहाराच्या मागच्या गल्लीत थुलांचं घर सापडलं. अंगण झाडून सडा टाकलेला, ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. खुर्च्यांच्या पाठीवर रंगानं 'नानाजी मून' असं लिहिलेलं, म्हणजे त्या शेजारून आणलेल्या. प्रफुल्लनं दारातूनच आवाज दिला, "जय भीम! मी वर्धेहून आलो. तिकडच्या कॉलेजात..."

पुढचं तोंडातच राहिलं. एक धोतरातला म्हातारा लगबगीनं उठला. "या या सर, जय भीम! कवाचे वाट पाहून राह्यलो तुमची! मी नानाजी, पोरीचा मोठा मामा. एकटेच काऊन? घरचे कोणी नाई आले?"

"मी एकटाच असतो," प्रफुल्ल म्हणाला.

"बराबर, बराबर. सांगतलं होतं मले."

प्रफुल्लला वाटलं, कॉलेजच्या ऑफिसनं फोन करून कळवलं असेल. इतक्या वर्षांत ऑफिसनं पहिल्यांदा कामाचं काही केलं, याचं त्याला नवल वाटलं. तो खुर्चीवर टेकला. समोर घरधनी बापूराव बसले होते. नगरपंचायतीत नळ सोडायच्या कामावरचा हा माणूस बोलायला कमी. नानाजी मात्र चौघांचं एकटेच बोलत होते. मायबाप कधी गेले, बहीण कुठं दिली, जेवणाचं काय करता, सारं विचारून झालं.

"हातानंच करतो," प्रफुल्ल म्हणाला. "सकाळी पोळी-भाजी. रात्री बहुतेक खिचडी."

"रोजच खिचडी?" आतून बाईचा आवाज आला. ती सुलोचनाबाई, घरची मालकीण. दाराआड उभी राहून ऐकत होती बिचारी. "असं कसं व्हईन तब्येतीचं?"

ॲडमिशनला आलेल्या मास्तरच्या खिचडीची चौकशी आजवर कोणी केली नव्हती. प्रफुल्ल जरा गोंधळला. तेवढ्यात बापूरावांनी घसा साफ केला आणि पहिल्यांदाच तोंड उघडलं. "नोकरी सरकारी का प्रायव्हेट?"

हा प्रश्न ऐकला की प्रफुल्लची मान आपोआप खाली जायची. जुनी सवय. "प्रायव्हेट," तो म्हणाला.

"चालते," बापूराव म्हणाले. "माणूस चांगला पाह्यजे. सरकारीवाले आमी लय पाह्यले."

प्रफुल्लनं मान वर केली. आणि त्याच वेळी आतून ट्रे घेऊन पोरगी आली. ही काजल नव्हती. तिशी ओलांडलेली, साडी नेसलेली, खाली नजर ठेवून चालणारी बाई होती ती. ट्रेमध्ये कांदेपोहे, वर लिंबाची फोड, आणि पाण्याचे गिलास. नानाजी म्हणाले, "बस रक्षा, बस सरांपुढं."

तेव्हा कुठं आमच्या सरांच्या डोक्यात उजेड पडला.

झालं होतं असं, की त्या दिवशी थुलांकडं खरोखरच वर्धेचे एक सर येणार होते. ते शाळेत मास्तर, वय झालेले, मायबाप नसलेले. देवळीच्या एका मध्यस्थानं जमवलं होतं. आता तुम्ही म्हणाल, फोटो पाहिला नव्हता का? पाहिला होता की! पण बायोडाटातला फोटो आणि दारात आलेला माणूस कधी जुळत नसतो, हे ह्या घराला एव्हाना पाठ झालं होतं. फोटोत केस होते, दारातल्याला नव्हते, तर त्यांनी गृहीत धरलं, की गेले असतील मधल्या काळात. आणि हा बसला होता तिथं ऐटीत, बॅग मांडीवर घेऊन.

सरळ माणसानं तिथंच सांगायला पाहिजे होतं. 'माफ करा, मी तो नाही', एवढंच तर म्हणायचं! प्रफुल्लनं तोंड उघडलंही. आणि उघड्या तोंडात पोह्यांचा घास टाकला.

काय करावं ह्या माणसाला? लबाड म्हणावं तर लबाडीनं त्याला काही मिळणार नव्हतं. पण त्याच्याकडं बघा जरा. कोणीतरी त्याची वाट पाहत होतं. कोणीतरी त्याच्यासाठी अंगण झाडलं होतं. आतली बाई त्याच्या खिचडीच्या काळजीत होती, आणि एका बापानं त्याला 'चालते' म्हटलं होतं. पोहे संपेपर्यंत बसू, मग सांगू, असं त्यानं मनाशी म्हटलं. पोहे तो अगदी हळू खात होता.

"विचारा ना सर काई," नानाजींनी टोचलं. "रक्षा आपल्या इथंच आरोग्य केंद्रात नर्स हाय. कंत्राटी हाय, पण काम लय हाय तिले."

आता खरं तर पळायची वेळ होती. पण प्रफुल्लनं रक्षाकडं पाहिलं. ती ट्रेच्या कडेवरून बोट फिरवत होती. स्वयंपाक येतो का, बदली चालेल का, हे प्रश्न तिला किती जणांनी विचारले असतील, हे त्याला तिच्या बोटावरूनच समजलं. तो म्हणाला, "ड्युटीवरून घरी आल्यावर तुम्ही काय करता?"

रक्षानं पहिल्यांदा वर पाहिलं. असा प्रश्न तिला अपेक्षित नव्हता. "काईच नाई," ती म्हणाली. मग बोलली, "मागच्या ओट्यावर जाऊन बसते. घरात सारे असतात, पण त्याईच्यापाशी काय बोलाव समजत नाई. सारे माझ्याकडं पाह्यतात अन् चूप होऊन जातात. अंधार पडला की मंग आत येते."

"रक्षा!" नानाजी दटावल्यासारखं करून हसले. पण प्रफुल्ल हसला नाही.

"मी टीव्ही लावून ठेवतो," तो म्हणाला. "पाहत नाही. नुसता आवाज पाहिजे म्हणून."

"समजते मले," रक्षा म्हणाली.

बस्स, एवढंच. दोनदा हा बोलला, दोनदा ती. पण इतक्या वर्षांत त्यानं ती टीव्हीची गोष्ट कोणाला सांगितली नव्हती, रोशनीलाही नाही. आपण इथं चोरासारखे बसलो आहोत हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि उठावंसंही वाटत नव्हतं.

अशात बापूरावांनी आत पाहून हाक मारली, "काजल, ये वं इकडं. सरांले तुझं विचारून घेऊ." धाकटी बाहेर आली. जीन्सवर कुर्ती, हातात मोबाइल, चेहऱ्यावर बहिणीच्या पाहुण्याकडं पाहण्याची उत्सुकता. ही ती काजल थूल, जिच्यासाठी तो मैलोगणती गाडी हाणत आला होता.

"सर, तुम्ही त्या लाइनमधले आहा," बापूराव म्हणाले. खुर्ची पुढं ओढून ते जवळ सरकले. "मी नळ सोडणारा माणूस, मले ह्यातलं काई कळत नाई. पोरीले चंद्रपूरचं सरकारी कॉलेज भेटते म्हणतात, पण तिथं इलेक्ट्रिकल. अन् वर्धेच्या हायवेवर एक प्रायव्हेट हाय, तिथं कॉम्प्युटर भेटते. थे लोकं फोन करू करू जीव खाऊन राह्यले. बस देतो, लॅपटॉप देतो. पोरगी म्हणते कॉम्प्युटर. चंद्रपूर दूर पडते, तिची माय रडते. परक्या माणसाले विचारलं तं थो आपला माल खपवते. तुम्ही आता घरचे होऊन राह्यले. आपला माणूस म्हणून सांगा. सरकारी घ्याव का प्रायव्हेट?"

प्रफुल्लच्या मांडीवर बॅग होती. बॅगेत त्याच प्रायव्हेटची रंगीत माहितीपत्रकं होती. एक शब्द बोलला असता तर सारं जमलं असतं. 'प्रायव्हेट घ्या, कॉम्प्युटरला मरण नाही' असं म्हटलं असतं तर पोरगीही खूश, आईही खूश. ऑगस्टात तो आपल्या केबिनमध्ये पंख्याखाली बसला असता. असं तो शेकडो घरांत बोलला होता, तोंडपाठ होतं त्याला. पण त्या घरांत त्याला कोणी आपला माणूस म्हणून विचारलं नव्हतं. तिथं तो माल खपवणाराच होता आणि घेणाऱ्यालाही ते माहीत होतं.

त्यानं पाण्याचा गिलास उचलला, परत ठेवला, आणि नकळत वर पाहिलं. ओट्याच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, सगळ्या घरांत असतो तसाच.

"सरकारी," तो म्हणाला.

"पण सर, कॉम्प्युटर..." काजल बोलायला गेली.

"थांब माय, ऐकून घे." इतका वेळ सरांच्या भाषेत बोलणारा प्रफुल्ल एकदम पुलगावचा झाला. "त्या हायवेवाल्याकडं मशिनी हायेत. पण त्याच्यावर कव्हर घातलेले हायेत. तपासणीची कमिटी आली की कव्हर काढतात, गेली की घालतात. पोट्ट्याईनं त्याले हातच नाई लावला. शिकवणारा माणूस वर्षभर टिकत नाई, दुसरं काई भेटलं की पळते. कॉम्प्युटर तू इलेक्ट्रिकल शिकूनही करशीन, पोट्टे करतात. पण सरकारी कॉलेजात तुले चार चांगले मास्तर भेटतीन, पुढं गेलेले पोट्टे-पोट्टी भेटतीन, थे जलमभर पुरते. मी तसाच शिकलो. बस अन् लॅपटॉपवर जाऊ नको. अन् मावशी, चंद्रपूर काई परदेश नाई. जाऊ द्या पोरीले."

सुलोचनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला, पण मान हलवली. बापूराव म्हणाले, "झालं मंग. ठरलं." आणि रक्षा, सारं विसरून, सरळ प्रफुल्लकडं पाहत होती. असं कोणी आपल्याकडं पाहिल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"तुम्हाले इतकं कसं मालूम सर?" काजलनं विचारलं. आजकालच्या पोरी कशाला सोडतात! "तुम्ही कोणत्या कॉलेजात शिकवता?"

"हायवेवरच्या," प्रफुल्ल म्हणाला. "त्याच."

नानाजींच्या कपाळाला आठी पडली. "पण बायोडाटात तं शाळा होती."

"तो बायोडाटा माझा नाही, नानाजी." त्यानं बॅग उघडली आणि माहितीपत्रकं बाहेर काढून खुर्चीवर ठेवली. "मी काजलचं ॲडमिशन मागायला आलो होतो. तुमचे पाहुणे दुसरे आहेत. माफी असावी."

मग जे व्हायचं ते झालं. नानाजींचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला. "अन् पोहे खायेपर्यंत काऊन नाई बोलले तुम्ही? पोरगी पुढं बसवली आम्ही, थट्टा हाय का?" काजलनं तोंडावर हात ठेवला. बापूराव नुसते जमिनीकडं पाहत राहिले. ते जास्त लागलं.

रक्षा उठली होती. ट्रे छातीशी धरून तिनं शांतपणे विचारलं, "तुम्हाले कवा समजलं?"

"तुम्ही ट्रे घेऊन आल्या तेव्हा."

"म्हणजे मी बोलली त्याच्या आधी."

"हो."

"ते मी तुम्हाले नोतं सांगतलं," रक्षा म्हणाली. "पाहुण्याले सांगतलं होतं." आणि ती आत निघून गेली.

प्रफुल्लला बोलायचं पुष्कळ होतं. तुमच्या घरी बसून बरं वाटलं, म्हणून नाही बोललो, असं सांगायचं होतं. टीव्हीचं खरं आहे, असं सांगायचं होतं. पण चुकीच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचं खरं कोण ऐकतं? तेवढ्यात नानाजींचा फोन वाजला. खरे पाहुणे तळेगावपाशी पोचले होते. घरात एकच धांदल उडाली. पोहे पुन्हा टाका, गिलास विसळा, खुर्च्या सरळ करा. तो ज्या खुर्चीवर बसला होता ती काजलनं ओल्या फडक्यानं पुसली. तो चपला घालताना ते पाहत होता.

अंगणाच्या फाटकाशी सुलोचनाबाई धावत आल्या. हातात स्टीलचा डबा. "लिंबाचं लोणचं हाय. तुम्ही खिचडीचं बोलले तवाच भरून ठेवलं होतं."

"मावशी, पण मी तो..."

"मालूम हाय मले. खिचडी तं तुम्हीच खाता ना?" असं म्हणून त्यांनी डबा हातात कोंबला आणि आत पळाल्या. आत पोहे करपत होते.

ऑगस्टात प्रभाकररावांनी शब्द पाळला. त्या बाबतीत माणूस चोख. प्रफुल्लनं केबिनमधलं सामान एका पिशवीत आणलं आणि शिकवणीला पोरं मिळतात का ते पाहू लागला. चहावाला अजून सर म्हणायचा, पण आता 'उशीर?' विचारत नव्हता, कारण कशालाच उशीर व्हायचा नव्हता. लोणचं त्यानं पुरवून पुरवून खाल्लं. रोज रात्री खिचडीसोबत एक फोड. डबा संपला तेव्हा घासून लख्ख केला, तर झाकणावर कोरलेलं नाव दिसलं, 'सौ. सुलोचना बा. थूल'. आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. कोणाचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. आणि ह्याच्या घरात तर हातानं केलेलं असं काही नव्हतंच. दोन दिवस विचार करून त्यानं त्यात साखर भरली आणि आष्टीला कोणत्या रविवारी जावं याचा हिशेब करत बसला. गेल्यावर काय बोलायचं हेही त्यानं मनात घोकून ठेवलं. टीव्ही समोर चालू होता, पण दोन-तीन संध्याकाळी त्याला त्याचा आवाजही ऐकू आला नाही.

मग एक दिवस फोन आला. नंबर काजलचा, पण आवाज दुसरा. "मी रक्षा थूल. काजलचं झालं चंद्रपूरले. इलेक्ट्रिकल. तुम्हाले कळवाव असं बाबा म्हणे."

"छान झालं," प्रफुल्ल उभा राहून बोलत होता. "फार छान झालं." मग त्याला राहवेना. "आणि तुमच्या त्या पाहुण्यांचं?"

"कंत्राटी नर्स नाई चालत म्हणले. पर्मनंट पाह्यजे त्याईले."

तिच्या फोनमागं घरातला आवाज येत नव्हता. ती मागच्या ओट्यावर बसली असेल, असं त्याला वाटलं.

"आईचा डबा राह्यला तुमच्याकडं," रक्षा म्हणाली.

"हो हो, माझ्या लक्षात आहे. मी येतो ना घेऊन. रविवारी..."

"नोका येऊ." ती रागानं बोलली नाही. रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. "तुम्ही काजलचं भलं केलं, ते मी विसरणार नाई. पण तुम्ही आले की मले तो ट्रे आठवीन. आधीच लय लोकं येऊन गेले सर आमच्या ओट्यावर. एसटीत ठेवून द्या डबा. बाबा स्टँडवरून घेतीन."

"बरं," प्रफुल्ल म्हणाला. घोकून ठेवलेल्यातलं त्याला काही आठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो वर्धेच्या बसस्टँडवर गेला. आष्टीची गाडी लागली होती. कंडक्टरनं डबा हातात घेऊन झाकणावरचं नाव वाचलं. "नळवाल्या थुलांकडचा का? देतो. आत काय हाय? तेल-बिल असन तं सांडन."

"साखर आहे."

"साखर!" कंडक्टरचा चेहरा खुलला. "म्हणजे मोठ्या पोरीचं जमलं वाट्टे?"

"नाही. धाकटीचं ॲडमिशन झालं. सरकारी कॉलेजात."

"अरे वा वा! सरकारीत म्हणजे काम झालं." त्यानं डबा आपल्या सीटखाली नीट सरकवून ठेवला. "तुमची कोण लागते पोरगी?"

प्रफुल्ल फलाटावर उभा होता. त्यानं सीटखालच्या डब्याकडं पाहिलं.

"कोणी नाही," तो म्हणाला.

"कोणी नाई, अन् डबाभर साखर?" कंडक्टर हसला आणि त्यानं घंटी दिली.